जांभळ्या मखमलीवरची कणसं

दाविदराव दारात उभे होते आणि आत येत नव्हते. सकाळची वेळ, मी शाळेच्या गडबडीत, पोळीचा डबा अजून उघडाच. एरवी हा माणूस अंगणातूनच "ताई, च्या टाका" म्हणत यायचा. त्या दिवशी चपला न काढता, एक हात चौकटीला धरून ते नुसते उभे राहिले. मला वाटलं, यांनाच काहीतरी होतंय. वर्षानुवर्षांची सवय ती... त्यांच्याकडे बघितलं की आधी त्यांचा श्वास बघायचा, ओठांचा रंग बघायचा. मी घाईघाईनं खुर्ची पुढे केली. म्हटलं, "बसा आधी. दुखतंय का? दम लागलाय का?" त्यांनी मान हलवली.

"मला काय न्हाय झालं, ताई. एस्तेर गेली. पहाटं च्या करायला उठली, आन स्टोव्हपाशीच बसली खाली. म्या हाक मारली, तर..."

मला तर काही क्षण त्यांचं पहिलंच वाक्य कळत नव्हतं. त्यांना काही झालं नव्हतं. मग कुणाला होणार होतं? त्या घरात काळजी करण्यासारखा माणूस एकच, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. एस्तेरबाईंची तर सगळ्यात जास्त.

संध्याकाळी चर्चमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या पेटीवर ते जांभळं मखमली वस्त्र पसरलं होतं. मधोमध जरीचा क्रूस, आणि चारी बाजूंनी जोंधळ्याची कणसं. दाणा न् दाणा उठून दिसणारी. मी मागच्या बाकावर बसले होते. मला त्यांची गीतं येत नाहीत, मी नुसती उभी राहत होते, बसत होते. पुण्याहून आलेली कुणी पाहुणी शेजारणीला हळूच विचारत होती, हे इतकं सुंदर काम कुणी केलंय. शेजारीण म्हणाली, "बाईंनीच की. आत आहेत त्यांनीच." सुंदर म्हणणारे त्या दिवशी बरेच भेटले. खोटं नाही ते. पण ते वस्त्र माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत तयार झालं आहे, आणि मला ठाऊक आहे की ते जरीनं भरलेलं नाही, रेशमानं भरलेलं नाही. ते भीतीनं भरलेलं आहे. तेवढं सांगावं, म्हणून हे लिहायला बसले.

आमची ओळख शाळेतली. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराला मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा एस्तेरबाई तिथं शिवण आणि भरतकाम शिकवत होत्या. उंच, सडसडीत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, आणि ब्लाउजच्या गळ्याशी कायम टोचलेल्या दोन-तीन सुया. योगायोगानं घरंही एकाच गल्लीत, समोरासमोर. लहानपणी त्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढल्या होत्या. तिथल्या एका म्हाताऱ्या मडमबाईंनी त्यांना चर्चसाठी लागणारं भरतकाम शिकवलं होतं. मला आधी वाटायचं, भरतकाम ते भरतकाम. उशीवर काय नि देवळात काय. एकदा त्या मला रिकाम्या चर्चमध्ये घेऊन गेल्या आणि शेवटच्या बाकापाशी उभं करून म्हणाल्या, "इथून मला क्रूस दिसायला पाहिजे. जवळून कुणी बघणार नाही, पण लांबून वाकडा दिसला तर अख्खी उपासना वाकडी." प्रभुभोजनाच्या मेजावर पांढरं सुती कापड, त्यावर पांढऱ्याच धाग्यानं भरलेलं काम. व्यासपीठावरून खाली सोडलेली पट्टी मात्र ऋतूप्रमाणे बदलायची. नाताळच्या आधीचे वाट बघण्याचे दिवस आले की जांभळी, सणाला पांढरी, एरवी हिरवी. जरीचा दोरा त्या कधी कापडातून ओढत नसत. तो तुटतो, काळा पडतो. तो वर ठेवायचा आणि बारीक रेशमानं जागोजागी टाके घालून बसवायचा. हाताला घाम असेल तर जरीचा दोरा खराब होतो, म्हणून बसण्याआधी डाळीच्या पिठानं हात धुवायच्या. मी बघत राहायची. मला त्यातलं काही आलं नाही, पण सुया ओवून देण्याइतपत मी तयार झाले.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत यशवंत म्हणून एक हमाल होता, रेल्वेच्या मालधक्क्यावर काम करणारा. तो अचानक गेला. त्याच्या मातीला मी नव्हते. एस्तेरबाईंनी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सांगितलं. पेटी केली होती ती यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांची. रंग द्यायलाही कुणाला वेळ झाला नव्हता. एका बाजूला काळ्या शाईचं छत्रीचं चित्र आणि 'जपून हाताळा' अशा अर्थाची मोठी इंग्रजी अक्षरं तशीच राहिली होती. यशवंताची मुलगी सारा, लग्नाच्या वयाची, ती पेटीला चिकटून उभी राहिली आणि तिनं दोन्ही तळवे त्या छापावर ठेवले. गीत झालं, प्रार्थना झाली, वचन झालं. सगळे बसले तरी ती उभी. छत्री झाकली जायची, पण अक्षरं हाताबाहेर उरायची. मागं कुणीतरी हसलं म्हणे. "मी बघितलं, कुसुमताई. मला तिथून उठून जावंसं वाटलं." आणि त्याच आठवड्यात त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं की मंडळीसाठी एक मोठं वस्त्र करायचं. सागवानी पेटी असो की खोक्याची, वरून पार जमिनीपर्यंत झाकणारं. सगळ्यांना एकच.

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरून मखमल आणली. पाळकसाहेबांचं म्हणणं काळी घ्यावी. एस्तेरबाई जांभळ्यावर अडून बसल्या. नक्षीला सगळे गव्हाच्या लोंब्या काढतात, यांनी जोंधळ्याची कणसं आखली. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाल्या, "गहू आमच्याकडं सणाला असतो. रोज खातो ते जोंधळंच." चार कोपऱ्यांत चार कणसं, एवढंच ठरलं होतं. घरातल्या खिडकीपाशी लाकडी चौकट लावली, कापड ताणलं, आणि काम सुरू झालं.

आणि मग दाविदराव आजारी पडले. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ते टर्नर होते, लेथवर काम करायचे, धिप्पाड माणूस. आधी जिना चढताना दम लागायला लागला, मग सपाटीवर, मग आडवं पडल्यावरही. डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणीच्या तापानं हृदयाची झडप आकसली आहे, मिरजेला न्यावं लागेल, ऑपरेशन करावं लागेल. पण आधी अंगातलं पाणी उतरायला हवं, ताप जायला हवा. एक गेलं की दुसरं निघायचं, आणि तारीख पुढं जायची.

त्याच खोलीत चौकट होती. दाविदरावांच्या आई फार शिकलेल्या नव्हत्या, तोंडानं फटकळ. एके दिवशी दुपारी त्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत आला. "माझा ल्योक हथरुणावर पडलाय, आन तू त्येच्या उशाला बसून मढ्यावरचं कापड भरतीस व्हय? कुणासाठी भरतीस? आधी त्ये घरातनं भाईर काढ."

एस्तेरबाईंचं उत्तर मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्याच आमच्या दारात आल्या. हातात गुंडाळलेली मखमल, काखेत चौकटीच्या पट्ट्या. म्हणाल्या, "आत्याबाईंचं काही चुकलं नाही. मलाही रात्री तिकडं बघवत नाही. तुमच्याकडं ठेवू? पण काकूंना विचारा आधी. खरं काय आहे ते सांगून विचारा."

घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. आई सोवळ्याओवळ्याची, संध्याकाळी दिव्यापुढं शुभंकरोती म्हणणारी. मी सांगितलं, हे कशाचं वस्त्र आहे ते. आईनं निवडलेले तांदूळ सुपात एका बाजूला सारले. मग म्हणाली, "दिवेलागणीला त्याच्यावर साधी चादर टाकत जा. आणि पुढच्या खोलीत ठेवा, देवाकडे पाठ नको." तेवढ्यावर परवानगी मिळाली.

शाळा सुटली की एस्तेरबाई घरी जाऊन दाविदरावांचं सगळं करायच्या आणि मग तासभर आमच्याकडे येऊन बसायच्या. पण आता त्यांना नवऱ्याचा श्वास ऐकू येत नव्हता. त्यांनी त्यावर उपाय काढला. दाविदरावांच्या उशाशी ट्रान्झिस्टर होता, तो लावून यायच्या. गल्ली अरुंद, आवाज नीट यायचा. गाणी चालू, म्हणजे ते जागे, ठीक. सुई चालायची. रेडिओ बंद झाला की सुई तिथंच टोचून त्या उठायच्या, चप्पलही न घालता पळत जायच्या. परत आल्या की म्हणायच्या, "झोप लागली होती." पुन्हा बसायच्या, पण टाका सैल पडायचा. असं रोज. मलाही तीच खोड लागली. वह्या तपासताना माझेही कान समोरच्या घराकडे. बातम्या संपून गाणी सुरू व्हायच्या मधली शांतता आली की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो... पुष्कळ दिवसांनी दाविदरावांनी मला सांगितलं, "गाणी कुणाला पायजे होती, ताई? डोळं मिटावं वाटायचं. पर बंद केला की ही पळत यायची, ठेच लागायची. मग म्या चालूच ठिवायला लागलो."

चार कोपऱ्यांतली तीन कणसं पूर्ण झाली. चौथा कोपरा तेवढा राहिला होता. पण एस्तेरबाई चौथ्याला हात लावेनात. एके दिवशी बघते तर क्रुसाच्या पायाशी दोन नवीन कणसं आखलेली. ती भरून झाली, तर बाजूंच्या काठांना आणखी. आमच्याकडे येणारं कुणीही म्हणायचं, वा, किती भरगच्च होतंय. कणसाचा एकेक दाणा म्हणजे गाठीचा टाका. सुईला दोरा गुंडाळून, धरून, हळूच खाली ओढायचा. घाई करता येत नाही. पाळकसाहेब दोनदा विचारून गेले. "होतंय, अजून जागा आहे," त्या म्हणायच्या. मी मराठीची बाई, मला उशिरानं उमगलं. जागा उरली होती तोवर वस्त्र पूर्ण नव्हतं. वस्त्र पूर्ण नव्हतं तोवर ते कुणावर घालायचं हा प्रश्न नव्हता. त्या बोलल्या मात्र नाहीत. पवित्र शास्त्र रोज वाचणारी बाई, असल्या कल्पना मनात येतात याचीही त्यांना लाज वाटत असणार.

शेवटी मिरजेची तारीख ठरली. दाविदरावांना त्यांच्या धाकट्या भावानं नेलं, एस्तेरबाईही गेल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या कोल्हापूरला आल्या, कपडे न्यायला आणि घरी ठेवलेल्या लहान मुलीची सोय लावायला. संध्याकाळी परत जायचं होतं. शाळेला सुट्टी होती. आमच्याकडे येऊन चहाचा कप हातात घेतात तोच पाळकसाहेब दारात. त्यांचाही चेहरा अवघडलेला.

"एस्तेरबाई, साराची आई गेली. आज चार वाजता माती आहे. तुमच्यावर काय प्रसंग आहे ते मला ठाऊक आहे. मी फक्त कळवायला आलो. आपण पांढरी चादर घालू. हे राहू द्या."

"पेटी कशाची आहे?" त्यांनी विचारलं.

पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, "मिळालं त्या लाकडाची."

एस्तेरबाईंनी कप तसाच ठेवला. मोरीत जाऊन डाळीच्या पिठानं हात धुतले आणि चौकटीवरची चादर काढली. चौथा कोपरा रिकामा होता आणि सगळ्या वस्त्राला अस्तर लावायचं होतं. एका माणसाचं काम नव्हतं ते. मी सुया ओवायला बसले. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अस्तर मी घालते."

"काकू, तुम्ही नका. तुम्हाला हे चालायचं नाही."

"टाके मला येतात," आई म्हणाली. "बाकीचं माझं मी बघेन."

आम्ही तिघी त्या कापडाभोवती बसलो. समोरच्या घरात त्या दिवशी रेडिओ लागलेला नव्हता, आणि तीच शांतता असह्य होत होती. एस्तेरबाई दर थोड्या वेळानं मान उचलून तिकडे बघायच्या, मग लक्षात यायचं की तिकडे कुणी नाहीच, ते मिरजेला आहेत. गाठ नीट बसेना. दोनदा दोरा तुटला. आणि मग एकदम समोरून खरखर ऐकू आली. म्हातारीनं, त्यांच्या सासूनं, रेडिओ लावला होता. तिला स्टेशन लावता येत नसे. कुठलंतरी कानडी भाषण लागलं होतं, मोठ्या आवाजात, मधूनमधून शिट्टी वाजत. तिनं ते तसंच चालू ठेवलं, दुपारभर. एस्तेरबाईंनी डोळे पुसले नाहीत, पाणी जरीवर पडेल म्हणून फक्त मान बाजूला केली.

शेवटच्या कणसाचे थोडे दाणे राहिले तेव्हा त्या थांबल्या. "कुसुमताई, हे संपवलं तर..." एवढंच म्हणाल्या. आईनं अस्तरावरून मान वर केली. एस्तेरबाईंनी सुई पुन्हा घातली. ते कणीस थोडं कललेलं आहे. लांबून बघितलं तर वाऱ्यानं वाकल्यासारखं दिसतं. दोरा संपला तेव्हा मी कात्री पुढे केली आणि त्यांनी तो कापला.

चर्चमध्ये त्यांनी स्वतः ते पेटीवर घातलं. चारी बाजू जमिनीपर्यंत सारख्या केल्या, चुण्या मोडल्या. फळ्या कसल्या होत्या, त्यांवर काय लिहिलं होतं, काही दिसत नव्हतं. सारा शेजारी उभी होती. तिचे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं. मग ती पहिल्या बाकावर जाऊन इतरांसारखी बसली आणि रडली.

आम्ही शेवटपर्यंत थांबलो नाही, गाडी गाठायची होती. मी एस्तेरबाईंना एकटं सोडणार नव्हते. हातकणंगल्याला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली ती हलेना. त्या खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "पाळकसाहेब सांगायला आले ना, तेव्हा सगळ्यात आधी मला काय वाटलं ठाऊक आहे? सुटले, असं वाटलं. पहिलं नाव दुसऱ्या कुणाचं निघालं. साराची आई मेली, आणि मला बरं वाटलं, कुसुमताई. आता त्याची शिक्षा उद्या..."

"शिक्षा बिक्षा काही नसतं," मी म्हटलं. माझा मलाच तो आवाज पटला नाही. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता. बोटांच्या टोकांना सुईची भोकं पडून ती खरखरीत झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही बसून होतो. दार उघडलं की एस्तेरबाई उठायच्या, नर्स दुसरीकडेच जायची, त्या बसायच्या. दुपारी डॉक्टर आले. झडप मोकळी केली आहे, म्हणाले, पण आजची रात्र आणि उद्याचा दिवस जाऊ दे. तो दिवस गेला. त्याच्या पुढचाही गेला. दाविदराव शुद्धीवर येऊन पहिलं काय बोलले असतील, तर, "कापड झालं का?" त्यांना सगळं माहीत होतं. रेडिओ ऐकत पडलेल्या माणसाला समोरच्या घरात काय चाललंय हे कळत नसतं थोडंच.

ते बरे झाले. पुढं कारखान्यात हलकं काम करू लागले. ते वस्त्र मात्र अनेक घरांच्या दुःखात जाऊन आलं. प्रत्येक वेळी ते एस्तेरबाईंकडे परत यायचं. त्या सावलीत पसरून धूळ झटकायच्या, सुटलेली जर बसवायच्या, आणि घडी न घालता गोल दांड्यावर गुंडाळून ठेवायच्या, कारण घडीवर जर मोडते. त्यांच्या सासूबाई गेल्या, त्यांच्यावरही तेच होतं. मातीहून आल्यावर एस्तेरबाई आधी घरात डोकावून दाविदरावांना बघायच्या, मगच हातपाय धुवायच्या. ती भीती ऑपरेशननं गेली नाही. माणूस बरा झाला तरी ती तिथंच राहिली. त्यांच्या गोळ्या, त्यांचं पथ्य, त्यांचा जिना. गेल्या वर्षभरात त्या स्वतः बाजारातून येताना आमच्या पायरीवर टेकायच्या आणि डावा दंड चोळायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "चौकटीवर वाकून वाकून धरलाय." आणि लगेच, "यांना आज जरा थकल्यासारखं वाटतंय, बघता का?" मी दाविदरावांना बघायला जायची.

परवा, बऱ्याच दिवसांनी, संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मुलगी सासरी परत गेली होती. दाविदराव खिडकीखाली जमिनीवर उकिडवे बसले होते. हातात कारखान्यातून आणलेलं एक घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक, त्याला दोरी बांधलेली, आणि ते फरशीवरून हळूहळू फिरवत होते, भिंतीच्या कडेनं, मग बाकाखालून. मी काय हरवलंय म्हणून विचारलं.

"हरवलं न्हाय काय," ते म्हणाले. "ती रोज काम झाल्यावर फिरवायची. सुई पडली आसंल, कुणाच्या पायात जाईल म्हणून. लई भ्यायची त्याला. माझ्या पायात जाईल म्हणून तर जास्तच."

"पण आता..." मी म्हटलं.

"व्हय. आता कोण बसतंय हितं." त्यांनी चुंबक उलटं करून बघितलं. काही नव्हतं. "पयल्या आठवड्यात दोन घावल्या. त्याच्या फुडच्या आठवड्यात एक. आता न्हाईत घावत. तरी फिरवतो मी, ताई. एखांदी राहिली आसंल की कुठंतरी."

मी पिशवी बाकावर ठेवली, चप्पल काढली, आणि त्यांचं होईपर्यंत दाराशीच उभी राहिले. त्यांनी दोरी हाताला गुंडाळली आणि कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली.